बातम्या लिहायला कॉलेज कशाला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरगावची पाहुणी बोलावतो. यंदाच्या पाहुण्या बाईंना ऐनवेळी अडचण आली आणि परवा सायंकाळी चिटणीसबाई माझ्या घरी येऊन म्हणाल्या, "आता तुम्हीच चार शब्द बोला." शाळेत तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकविल्यामुळे मला बोलण्याची भीती राहिलेली नाही. श्रोत्यांना मात्र ती वाटत असेल, कारण तास संपल्याची घंटा येथे वाजत नाही. तरी मी घड्याळ समोर ठेवले आहे.

विषय शोधण्यास मला लांब जावे लागले नाही. तो आपल्यातच निघालेला आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जमलो होतो, तेव्हा आपल्या एका सभासद भगिनीने सांगितले की, तिची मुलगी बारावीनंतर बी. ए. करणार म्हणते, आणि त्यात पत्रकारिता की काय तो विषय घेणार म्हणते. मग तिने कपाळाला हात लावून विचारले, "बाई, बातम्या लिवाले बी कालेज लागते काय? आमच्या गल्लीतला तो बातमीदार तं धाव्वी बी पास नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. वाण लुटून घरी आले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला जाणवले की, हसण्यापलीकडे मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते. जन्म शाळेत गेला आणि 'हा विषय कशासाठी शिकावयाचा' या साध्या प्रश्नाला उत्तर नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. तेव्हापासून मी वाचते आहे, विचारते आहे. जे हाती लागले ते आज आपणापुढे ठेवते.

प्रथम एक कबुली देते. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. शाळेचे भित्तिपत्रक ती एकटी चालवी. एकदा तिने त्यात मुलींच्या स्वच्छतागृहाला सतत कुलूप का असते, हे विचारून, किल्ली कोणाकडे असते, मधल्या सुटीत किती मुली घरी जाऊन येतात, हे सारे मोजून लिहिले. दुसऱ्या दिवशी तो कागद फळ्यावरून निघाला आणि तिसऱ्या दिवशी कुलूपही निघाले. तिचे वडील मला विचारायला आले की, पोरीला पुढे काय शिकवू? मी सांगितले, "डी. एड. करू द्या, मुलींना बरे." तिने डी. एड. केले. पुढे त्या पदविकेला किती नोकऱ्या लागल्या हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती सुखात आहे, शिवणकाम करते, माझी पोलकी तीच शिवते. पण माप घेताना ती जेव्हा जेव्हा मला गावातली एखादी गोष्ट सांगते, तेव्हा ती ज्या नेमकेपणाने सांगते, ते ऐकून मला बोलवत नाही.

आता विषयाकडे वळते. पुण्याकडे काही ठिकाणी 'लिबरल आर्ट्स' या नावाचे शिक्षण निघाले आहे. सिंबायोसिसने 2011 साली असे महाविद्यालय काढले, फ्लेम या संस्थेला 2015 साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या शब्दाला कोणी 'उदार कला' म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. ऐकणाराला वाटेल दानधर्म शिकवितात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोकळा, स्वतंत्र असा आहे. म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाने राबणारा नव्हे, तर चारचौघांत बसून स्वतःचे मत देणारा जो माणूस, त्याला शोभणारे शिक्षण. या शिक्षणात मुलगी एक विषय मुख्य घेते, पण त्याच्याबरोबर तिला इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, थोडे संख्याशास्त्र, थोडे तत्त्वज्ञान, असे चहूकडचे शिकावे लागते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच रीत सगळ्या विद्यापीठांसाठी सांगितली. मुख्य विषय एक, जोडीला गौण विषय दुसरा, आणि इच्छा असेल तर चौथे वर्ष. म्हणजे आता ही केवळ पुण्याच्या श्रीमंत मुलांची गोष्ट राहिलेली नाही.

आपल्याला हे नवीन वाटते, परंतु मराठी वर्तमानपत्राचा जन्मच अशा शिक्षणाच्या ओसरीवर झालेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढले. त्यात एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. हे गृहस्थ कोण? मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत पुढे शिकविणारे, गणित आणि ज्योतिष जाणणारे, ज्ञानेश्वरी प्रथम छापून काढणारे. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य, आणि त्यात एवढे विषय! पुढे पुण्यात 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1881 च्या जानेवारीत त्याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले, आणि 1885 साली त्यांच्याच संस्थेचे फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, आणि नंतर फर्ग्युसनचे प्राचार्य. टिळक तेथे गणित शिकवीत. शाळा, कॉलेज आणि वर्तमानपत्र ही त्यांच्या मते तीन वेगळी कामे नव्हतीच. एकाच कामाचे ते तीन हात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे किती तरी शिकले, आणि 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. 1932 साली 'सकाळ' काढणारे नानासाहेब परुळेकर हेही त्याच विद्यापीठात शिकून आलेले.

यांपैकी कोणी पत्रकारितेची पदविका घेतली नव्हती, असे आपण म्हणाल. बरोबर आहे. पण ते धाव्वी नापासही नव्हते!

मीही म्हणते की, नुसती कारागिरी शिकविणाऱ्या वर्गाचा मला मोह नाही. कॅमेरा कसा धरावा, आवाज कसा लावावा, हे सहा महिन्यांत येते. विचारावयाचे काय, हे सहा महिन्यांत येत नाही. म्हणून मला त्या शिक्षणाची एक जुनी तऱ्हा अधिक पसंत आहे, आणि ती आपल्या विदर्भातलीच आहे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज हे 1883 सालचे, मिशनऱ्यांनी काढलेले कला शाखेचे जुने कॉलेज. तेथे 1952 साली पत्रकारितेचा विभाग निघाला. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांनी तो उभारला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग 1964 साली निघाला आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 1965 सालची; म्हणजे नागपूर त्यांच्या एक तप आधी. मी नागपुरास दुसऱ्या कॉलेजात बी. ए. करीत होते. वाशिमहून लहान गाडीने अकोल्यास, आणि तेथून मोठ्या गाडीने नागपुरास जावे लागे. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतील मुलगी हिस्लॉपमध्ये पत्रकारिता शिके. ती कोठेही गेली की भाजीवाल्याला, टांगेवाल्याला प्रश्न विचारी आणि वहीत लिही. आम्ही तिला 'फौजदारीण' म्हणत असू. एकदा तिने मला विचारले, "तू इतिहास शिकतेस ना? मग तुझ्या गावाचा ताम्रपट कोणी लिहिला?" मी म्हटले, राजाने. ती म्हणाली, "मग ती एका बाजूची बातमी झाली."

त्या वेळी मला तिचा राग आला. आपणास माहीत असेल की, 1939 साली येथे वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्म येथून, म्हणजे आपल्या याच गावातून, तो दिला गेला. थोडा संस्कृतात, बराचसा प्राकृतात आहे. कोणते गाव कोणत्या ब्राह्मणांना दिले, त्या गावाला कोणत्या सवलती, हे सर्व त्यात आहे. मी दरवर्षी वर्गात तो अभिमानाने सांगत असे. पण ज्या गावाचे दान झाले त्या गावच्या माणसांना काय वाटले, हे त्यात नाही, आणि असा प्रश्न मला इतिहासाच्या वर्गात कोणी शिकविला नव्हता. तो मला पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीने शिकविला. उलट तिला दान म्हणजे काय, सनद म्हणजे काय, हे माझ्याकडून समजले. दोन विषय एका खोलीत राहिले म्हणजे असा फायदा होतो.

आता आपल्या रोजच्या व्यवहारातील एक उदाहरण घेऊ. सोयाबीनचा हंगाम आला की वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात येते, सोयाबीनला अमुक इतका भाव. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी कास्तकारी आहे. घरचा माणूस गाडी भरून बाजारात जातो आणि संध्याकाळी पडलेला चेहरा घेऊन येतो, कारण त्याला छापलेल्या भावापेक्षा पाच-सातशे रुपये कमी मिळालेले असतात. मग आपण म्हणतो, पेपरवाले खोटे लिहितात. खोटे नसते. बाजार समितीच्या दैनिक नोंदीत चार गोष्टी असतात, आवक किती, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. छापणारा पुष्कळदा कमाल दर उचलतो, कारण तो मोठा दिसतो. त्या दराने किती पोती गेली, हे तो विचारीत नाही. आणि वाचणारा तरी कोठे विचारतो? 2024-25 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. हमीभावाने विकावयाचे तर मालात ओलावा ठरलेल्या मर्यादेहून अधिक चालत नाही. ज्याच्याकडे वाळवावयास जागा नाही त्याला हमीभाव हा केवळ कागदावरचा आकडा. आता बघा, या एवढ्याशा बातमीत अर्थशास्त्र आले, शेतीचे ज्ञान आले, सरासरी म्हणजे काय हे गणित आले, आणि कास्तकाराच्या बायकोला जाऊन विचारण्याचे धैर्य आले. हे ज्याला येते त्याला मी पत्रकार म्हणेन. त्यासाठी कॉलेज लागते की नाही, हे आपणच ठरवा.

2018 साली सरकारने देशातल्या मागासलेल्या जिल्ह्यांची एक यादी केली. महाराष्ट्रातले चार जिल्हे तिच्यात आले. गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपला वाशिम. नाव दिले 'आकांक्षित जिल्हे'. आपल्या मंडळात त्या वेळी पेढे वाटण्याची सूचना आली होती, हे मला चांगले आठवते. शब्द असा गोड होता की त्यामागचा अर्थ कोणाला दिसला नाही. शब्द तपासून घेणे हाही या अभ्यासाचा एक भाग आहे, आणि तेथे माझा मराठीचा विषय उपयोगी पडतो, हे सांगताना मला थोडा आनंद होतो.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी आज खरोखर बोलते आहे, ती याहून कडू आहे. ती सांगावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

त्याच 2018 सालच्या जून महिन्यात आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲपच्या गटावर एक निरोप आला. मुले पळविणारी टोळी आपल्या भागात आली आहे, भिक्षेकऱ्यांच्या वेषात फिरते, मुलांना सांभाळा. सोबत एक भयंकर चित्रफीत. तो निरोप गटावर कोणी टाकला, याची पुढे पुष्कळ चर्चा झाली. भगिनींनो, तो मी टाकला होता. मला तो एका नातेवाइकाकडून आला, माझा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता, आणि मी क्षणाचाही विचार न करता बोट दाबले. तीस वर्षे मुलांना 'संदर्भ लिहा, संदर्भ लिहा' म्हणून ओरडणारी मी!

चार दिवसांनी आपल्या गल्लीत सुया, पोत आणि बिब्बे विकणारी बाई आली. तिच्या पाठीला तिचे स्वतःचे लेकरू होते. आपल्यातल्याच काही जणींनी तिला कडुनिंबाखाली बसवून ठेवले. लेकरू तुझेच कशावरून, असे विचारले. पोरे जमली, एकाने तिचे बोचके उसकले. ती बाई रडत नव्हती. लेकराला पदराखाली घेऊन एकसारखी सुया परत गोळा करीत होती. तासाभराने एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला सोडविले. दरवर्षी येणारी ती बाई त्यानंतर आपल्या गल्लीत आली नाही. मी ते सारे माझ्या ओट्यावरून पाहिले, आणि खाली उतरले नाही.

आणि त्या वर्षीची 1 जुलै. आपला जिल्हा अकोल्यापासून वेगळा होऊन त्या दिवशी वीस वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ती माणसे सोलापूरकडची होती. जो निरोप तिकडे फिरत होता त्याच जातीचा निरोप मी माझ्या हाताने आपल्या गटावर ठेवला होता. आमच्या गल्लीत एका गृहस्थांनी शहाणपण केले म्हणून बिब्ब्यांवर निभावले, एवढाच काय तो फरक. त्या महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी तजवीज आपल्या देशापुरती केली. माझ्यासारखीला पाचही पुष्कळ झाले.

यात माझे समाधान व्हावे असे एक उदाहरण मला सापडले, आणि त्याने समाधान झाले नाही. 'केसरी' सुरू झाला तेव्हा कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली. त्यांनी ती खरी मानून मजकूर छापला. पत्रे बनावट ठरली. बदनामीचा खटला झाला आणि 1882 साली दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. एवढी विद्वान आणि निःस्वार्थी माणसे, पण त्यांनाही कागद तपासून घेण्यात चूक झाली. पण पाहा, त्यांनी आपल्या नावाने छापले होते, आणि त्याची शिक्षा स्वतः भोगली. माझ्या निरोपाला नाव नव्हते. मला कोणी काही बोललेसुद्धा नाही. कागद कोठून आला, त्यात दिसणारी जागा कोठली, तारीख कोणती, आणि हे खरे असेल तर आणखी कोणाला माहीत असावयास हवे, हे चार प्रश्न पत्रकारिता शिकविणाऱ्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवितात, असे मला एका शिकणाऱ्या मुलाने सांगितले. पूर्वी हे प्रश्न संपादकाला येत असले म्हणजे पुरे होते. आता प्रत्येक घरात छापखाना आला आहे, आणि त्याचा खिळा आपल्याच बोटाखाली आहे.

काही भगिनी म्हणतील, बाईमाणसाचे हे क्षेत्रच नव्हे. त्यांना मी शेजारच्या बुलढाण्याची आठवण देईन. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी शिंदे तेथल्या कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवा बाईला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती बदलून काळे पाणी झाले. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर जे लिहून आले, ते ताराबाईंनी बुलढाण्यात बसून वाचले, आणि त्याला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. 1882 साली पुण्यात छापले, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. कोणते कॉलेज? बायकांना त्या काळी शाळा कोठे धड होती! त्यांनी केले काय, तर वर्तमानपत्र वाचले आणि विचारले की, हे लिहिणारे कोण आहेत, आणि जिच्याविषयी लिहिताहेत तिला कोणी विचारले का? त्या पोराचा बाप कोठे आहे, हे कोणी का लिहीत नाही? मला वाटते, वऱ्हाडातली प्रसारमाध्यमांची पहिली अभ्यासक तीच. त्या पुस्तकाची पुढे कोणी वास्तपुस्त केली नाही. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा लोकांना कळले. नव्वद वर्षांहून अधिक काळ ते कोठे होते, हा विचार मनात आला की मला भित्तिपत्रकवाली आठवते.

त्याच्याही आधी, 1855 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आणि फुल्यांच्या शाळेतच शिकलेल्या तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर 1906 पासून 'दीनबंधू' हे पत्र संपादक म्हणून चालविले. पती गेल्यावर बाईने दुकान चालविले असे आपण ऐकतो, शेती केली असे ऐकतो. अग्रलेख लिहिले, हे किती जणींनी ऐकले होते?

आता आईच्या मनातले प्रश्न. मी कोणाची फसवणूक करणार नाही. पुण्याच्या खाजगी विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते. ती आपल्यासारख्यांची वाट नव्हे, आणि त्यासाठी शेत विकू नये. आपल्या मुलीने येथेच बी. ए. करावे. मराठी घ्यावे, इतिहास घ्यावा, अर्थशास्त्र तर टाळूच नये. गावाचे ज्ञान येथे राहूनच होते. मग अमरावतीस जावे. तेथे 2011 पासून त्या दिल्लीच्या जनसंचार संस्थेचे केंद्र आहे, आणि आपले विद्यापीठही तेथेच. नागपूर आहेच. नोकरीचे म्हणाल तर तालुक्याच्या बातमीदाराला पैसा फार थोडा मिळतो, आणि पुष्कळदा जाहिराती गोळा करण्याचे काम गळ्यात पडते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यावयाची त्याच्याविषयी खरे कसे लिहावयाचे, हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. रात्रपाळी आहे, एकटीने फिरणे आहे. पण हे शिकलेल्या मुलीला आकाशवाणी आहे, भाषांतर आहे, माहिती खात्याच्या जागा आहेत, सामाजिक संस्थांची कामे आहेत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने 2008 साली आकाशवाणीचे छोटे केंद्र काढले. दुष्काळी भागातल्या बायका तेथे बोलतात आणि गावे ऐकतात. असे काही पोहरादेवीच्या बाजूच्या तांड्यांसाठी बंजारा बोलीत का निघू नये? मला बंजारा येत नाही, नाहीतर या वयातही मी खटपट केली असती.

माझ्या दोन सूचना आहेत, त्या कार्यकारिणीने आज नाही तरी पुढील बैठकीत घ्याव्यात. मंडळाच्या वाचनालयात आपण एकच वर्तमानपत्र घेतो. त्याऐवजी दोन घ्यावीत, आणि तीही एकमेकांशी न पटणारी. खर्च मी देईन. दुसरी अशी की, मंडळाच्या गटावर जिला निरोप पुढे धाडावयाचा असेल तिने तो कोठून आला हे खाली आपल्या नावासह लिहावे. नियम पहिल्यांदा माझ्यावर लागू करावा.

ज्या मुलीमुळे हे सारे निघाले तिचा निकाल लागून आठ दिवस झाले. चांगले गुण आहेत. अर्ज भरून तयार आहे, आईची सही राहिली आहे. आजच्या कार्यक्रमाची बातमी मी तिलाच लिहावयास सांगितली. तिने मला भाषणापूर्वी विचारले, मंडळाच्या सभासद किती, आणि आज आल्या किती? पहिला आकडा चिटणीसबाईंनी वहीत पाहून सांगितला. दुसरा, 'लिही शंभर-दीडशे' असा सांगितला. तो तिला पटलेला नाही. ती मघापासून मागे दाराशी उभी राहून माना मोजते आहे, आणि कोणी मध्येच उठले की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा चहा येईपर्यंत कृपा करून सर्वांनी जागेवर बसावे.